नऊ ताऱ्यांची बडतर्फी

सरकारने एखाद्या ताऱ्याला ‘कारणे दाखवा’ नोटीस बजावल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? नसेल ऐकलं. आमच्या टाकळदऱ्यात नऊ ताऱ्यांना बजावली. रीतसर, जावक क्रमांक घालून. ‘आपण मागील तीन तिमाहींत वारंवार अवेळी हजर झाला आहात, सबब आपणांस सेवेतून का कमी करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.’ ताऱ्यांचा टपालाचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून नोटिसा वेधशाळेच्या फाटकावर डकवल्या. पाच ताऱ्यांवर उशिरा येण्याचा आरोप होता आणि चौघांवर वेळेआधी येण्याचा. सरकारी नोकरीत दुसरा गुन्हा जास्त गंभीर धरतात.

हसू नका. या गोष्टीतलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे.

तारे नोकरीला कसे लागले ते आधी सांगतो. मोठ्या देशांची आकाशात भांडणं जुंपली, एकमेकांचे उपग्रह आंधळे करायची शर्यत लागली, आणि उपग्रहांकडून मिळणारी वेळ बेभरवशाची झाली. आता बँका, रेल्वे, विजेचं जाळं, शेअरबाजारातली यंत्रं, या सगळ्यांना एकच वेळ लागते, आणि तीही सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत नेमकी. तेव्हा कुणीतरी म्हणालं, ज्याच्यापर्यंत कुठल्याच देशाचं क्षेपणास्त्र पोचत नाही असं घड्याळ वापरू. म्हणजे पल्सार.

एखादा दांडगा तारा स्फोट होऊन मरतो, तेव्हा त्याचा गाभा आवळून आवळून पुणे शहराएवढा गोळा होतो. वजन मात्र सूर्याहून जास्त. त्यातले काही गोळे सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात, आणि दीपगृहाच्या झोतासारखा त्यांचा रेडिओलहरींचा झोत दर गिरकीला पृथ्वीवरून फिरून जातो. टिक, टिक, टिक. पुढच्या वर्षी आजच्या तारखेला त्याची कितवी टिक किती वाजता येईल, हे आज सांगता येतं. आमच्या पठारावरच्या वेधशाळेत त्या टिका मोजायला मोठाल्या गोल अँटेना होत्या. गावात त्यांना पराती म्हणतात. तर देशभरची ‘तारावेळ’ आमच्या पराती काढू लागल्या, दिल्लीत तिच्यासाठी राष्ट्रीय समय नियमन मंडळ स्थापन झालं, आणि तारे सरकारी नोकर झाले. नोकरी म्हटली की हजेरी आली, आणि हजेरी आली की नोटीस.

वेधशाळेत या ताऱ्यांचा हिशोब पाहायची हर्षाली डोके. पंचेचाळिशीची बाई, आवाज बारीक, हट्ट पोलादी. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, शिकवलं, दिल्लीला धाडलं. तो भाऊ म्हणजे विक्रांत डोके, समय नियमन मंडळाचा उपायुक्त. नोटिसांवर सही त्याचीच. गावात त्याला बाळू म्हणतात, आणि पदवी कितीही मोठी झाली तरी म्हणत राहणार.

नोटिसा डकवून झाल्यावर बाळू बहिणीच्या खोलीत आला. मी तिथे चहा पीत बसलो होतो. आता मी काही शास्त्रज्ञ नव्हे. जन्मभर तमाशात सोंगाड्याचं काम केलं, आणि फड बंद पडल्यावर वेधशाळेचा चहा बरा असतो म्हणून तिथे बसू लागलो.

‘‘ताई, तुझे नऊ तारे बिघडलेत,’’ बाळू म्हणाला. ‘‘बाजारवाले तक्रार करतात. बदलून टाकू.’’

‘‘बाळू, समज तू कचेरीत बसलायस. सगळे कारकून दहा मिनिटं उशिरा आले. चूक कुणाची?’’

‘‘कारकुनांची.’’

‘‘तुझ्या घड्याळाची, शहाण्या. सगळे ठरवून सारखेच उशिरा कशाला येतील? बरं, आता पूर्वेकडून येणारे लवकर पोचले आणि पश्चिमेकडून येणारे उशिरा. मग?’’

बाळू तसा हुशारच. ‘‘मग कचेरी पूर्वेला सरकली असेल.’’

‘‘शाब्बास! म्हणजे पृथ्वीची जागा आपण चुकीची धरली. आता तिसरी गंमत. पूर्व आणि पश्चिम, दोन्हीकडचे उशिरा. उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडचे लवकर. आणि काही महिन्यांनी नेमकं उलट. घड्याळ बरोबर आहे, कचेरी जागच्या जागी आहे. मग चुकलं काय?’’

मी म्हणालो, ‘‘रस्ते.’’

‘‘आबा, तुम्ही मधे बोलू नका,’’ बाळू म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता, कारण उत्तर तेच होतं.

हर्षालीने भिंतीवरचा आकाशाचा नकाशा दाखवला. नऊही तारे त्या तिसऱ्या तऱ्हेने चुकत होते. तीन अब्ज प्रकाशवर्षांवर दोन महाकाय कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत होती, प्रत्येकात अब्जावधी सूर्यांचं वजन. असं वजन फिरलं की अवकाशच हेलकावतं आणि त्याच्या लाटा निघतात. त्या आपल्याकडे येतात तेव्हा अवकाश एका दिशेने ताणतात, आडव्या दिशेने आवळतात. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून ओढलं की लांबीला ताणतं आणि रुंदीला आवळतं ना, तसं. ताण इतका बारीक की ताऱ्याची टिक सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाने, कधी त्याहूनही कमी, पुढेमागे होते. पण होते.

‘‘आधी या लाटेचा एक हेलकावा आठ महिन्यांचा होता,’’ हर्षाली म्हणाली. ‘‘मग सहाचा झाला. आता चारावर आलाय. दोघं घाईला आलेत, बाळू. वर्षभरात एकमेकांत मिसळतील. अशी जोडी इतक्या शेवटच्या टप्प्यावर सापडणं म्हणजे हजारो पिढ्यांत एखाद्या पिढीचं नशीब. आणि तू मला सांगतोस, तारे बिघडले!’’

‘‘ताई, मी तुझं खोटं म्हणत नाही. पण मंडळाचा संबंध रस्त्यांशी नाही. हजेरीशी आहे.’’

सात दिवसांत एकाही ताऱ्याने खुलासा दिला नाही. आठव्या दिवशी नऊ तारे सेवामुक्त झाले आणि त्यांच्या जागी नऊ आज्ञाधारक तारे नेमले गेले. ते सगळे आकाशाच्या एकाच कोपऱ्यातले, शेजारी शेजारी. शेजारच्या दोघांना लाट सारखीच हलवते, म्हणून त्यांचं आपसांत कधी वाजत नाही. जे वाद घालतात त्यांना घालवलं की उरलेल्यांचं एकमत होतं, आणि बैठकीच्या इतिवृत्तात एकमत फार देखणं दिसतं. मंडळाचा आलेख इस्त्री केल्यासारखा सरळ झाला. अध्यक्षांनी पेढे वाटले म्हणे.

हर्षालीने आदेश पाळायला नकार दिला, तेव्हा तिलाही घरी बसवलं. नव्या पराती दिल्लीच्या हुकमाने फिरत, त्यांना हात लावणं शक्य नव्हतं. पण पठाराच्या पश्चिम कडेला सहा जुन्या पराती होत्या. मंडळाने त्या भंगारात काढल्या, फिरवणाऱ्या मोटारी उचलून नेल्या. कानाचे डबे, म्हणजे लहरी पकडणारी यंत्रं, जुनी म्हणून तिथेच सोडून दिली. त्यांच्याखालच्या तळघरातलं जुनं हायड्रोजनचं अणुघड्याळही तसंच टाकलं. आणि इथे मंडळाची चूक झाली. त्या सहा परातींखालची जमीन गावाची. भाडेपट्टा केव्हाच सरलेला. वापर संपला की जमीन आणि तिच्यावर जे राहील ते ग्रामसभेचं, असं करारात होतं.

हर्षाली ग्रामसभेपुढे उभी राहिली. सरपंच मनीषाताई हांडे. बाई धान्य निवडावं तसा प्रश्न निवडते.

‘‘हर्षाली, एक सांग. हे तारे ऐकून गावाला काय मिळणार?’’

‘‘काही नाही, ताई.’’

‘‘पाणी?’’

‘‘नाही.’’

‘‘रस्ता?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तुला काय मिळणार?’’

‘‘नोकरी गेलीच आहे. आता बहुतेक भाऊ जाईल.’’

बाळूला गावाने उचलून खेळवलं होतं. मग मागून दशरथ ढोलकीवाला उठला. दशरथ माझ्याच फडातला. ढोलकीवर हात पडला की भिंतीतली खुंटी डोलायची, आणि लय अशी पक्की की नाचणारीचा पाय चुकेल, दशरथची मात्रा नाही.

‘‘मला बोलायचंय,’’ तो म्हणाला. ‘‘आपल्या गावात मोबाइलचा टॉवर नाही. का? तर परातींना त्रास होतो. आपल्या पोरींना माहेरी फोन करायचा तर तारेचा फोन. आपल्या फडाला माइक नाही, जनरेटर नाही, का तर ठिणगी उडते. आमचा फड त्यापायीच बसला. मी म्हटलं, बसू दे. आपण गप्प राहिलो तर वरचं ऐकू येईल. आणि आता ज्यांचं ऐकायचं त्यांनाच हाकलून दिलं? कशासाठी? शेअरबाजारासाठी? मग इतकी वर्षं आमची तोंडं कुणासाठी बांधली होती?’’

सभा उठून उभी राहिली. मी सभा पुष्कळ पाहिल्या, तमाशाच्या आणि पुढाऱ्यांच्या, पण असा आवाज ऐकला नव्हता. मनीषाताईंनी ठराव सांगितला आणि ग्रामसेवकाने लिहून घेतला: ‘शासनाने सेवामुक्त केलेले आकाशातील नऊ तारे टाकळदरा ग्रामपंचायतीने सर्वानुमते दत्तक घेतले असून त्यांच्या पालनपोषणाची जबाबदारी गावाची राहील.’ ग्रामसेवक विचारत होता, ताऱ्यांची जात काय लिहू? त्याला खाली बसवलं.

दत्तक घेणं सोपं असतं, सांभाळणं कठीण. मोटारी नाहीत. पृथ्वी फिरते म्हणून तारा आकाशात सरकतो, आणि परात त्याच्यामागे फिरवावी लागते. या जुन्या पराती अशा बांधलेल्या की त्यांचा एक कणा पृथ्वीच्या आसाला समांतर. त्यामुळे तारा धरून ठेवायचा तर एकच दांडा फिरवत राहायचा, पण एकाच लयीत. दुरुस्तीच्या कामासाठी असा हाताचा दांडा आणि दातेरी चक्रांचा डबा प्रत्येक परातीला होताच.

पहिल्या दिवशी गावातल्या तरण्या गड्यांनी जोर लावला. तारा दोनदा परातीतून सांडला. गडी जोरात फिरवतात, मग दमतात, मग बिडी शोधतात. हर्षाली डोक्याला हात लावून बसली. तेव्हा दशरथ गळ्यात ढोलकी अडकवून आला, दांड्याशी बसला, आणि म्हणाला, ‘‘थापेबरोबर अर्धा फेरा. पुढे नाही, मागे नाही.’’ त्याने ठेका धरला. काय सांगू! पराती नाचणारीच्या मानेसारख्या तोऱ्यात वळू लागल्या. सकाळी हांड्यांची आळी, दुपारी भोरांची, उतरत्या उन्हात बायका. रेडिओची दुर्बीण दिवसाढवळ्याही बघते, तेवढी सोय होती. एका परातीपाशी माझीही पाळी असे. माझा दांडा मी सोंगाड्या असल्यामुळे जरा मागे राही, पण हर्षाली म्हणायची, आबा, तुमची चूक मला पाठ झालीय, ती मी वजा करते.

घड्याळाची अडचण नव्हती. तळघरातलं हायड्रोजनचं घड्याळ एक तारा मावळून दुसरा उगवेपर्यंत वेळ सांभाळायला पुरे होतं. आणि पुढे ताऱ्याला ताराच साक्षीदार. पूर्वेचा काय म्हणतो, उत्तरेचा काय म्हणतो, त्यांचं भांडण ऐकायचं आणि भांडणातून लाट ओळखायची. हेलकावा तीन महिन्यांचा झाला. मग दोनाचा. मग पंधरवड्यांत मोजायची वेळ आली.

हर्षालीने मिसळण्याचा दिवस काढला. गावाने त्या दिवसाची जत्रा केली. शेजारच्या गावांतून माणसं आली, जिलब्या तळल्या, पाळणे उभे राहिले, अर्थात हाताने फिरवायचे. सगळे वर बघत बसले. आणि काय झालं? काही नाही. आकाश निळं, पराती फिरतायत, आलेखावरची रेघ कालच्यासारखी. संध्याकाळी जिलबीवाला म्हणाला, ‘‘बाई, एखादा आवाज तरी?’’

दुसऱ्या दिवशी तारेच्या फोनवर बाळू होता. हर्षालीने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. लपवायचं काय?

‘‘ताई, दिल्लीत हसतायत. जत्रा भरवलीस म्हणे. मिसळली का तुझी जोडी?’’

‘‘मिसळली.’’

‘‘पुरावा?’’

‘‘यायचाय.’’

‘‘लाट येऊन गेली आणि पुरावा यायचाय? ताई, घरी ये. मी साहेबांशी बोलतो, तुला परत घेतील. माझी मान खाली जाते गं.’’

‘‘मग वर कर. आकाश वरच आहे,’’ असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि मग बराच वेळ त्या फोनवरून हात काढला नाही. मी पाहिलं म्हणून सांगतो.

लोक पांगले. तरणी पोरं कामाला गेली. दांड्याशी उरलो आम्ही म्हातारे, काही बायका आणि दशरथ. मनीषाताईंनी शेवटी विचारलंच, ‘‘हर्षाली, खरं सांग. फसलो का आपण?’’

‘‘ताई, तळ्यातली लाट येते, जाते, आणि पाणी पुन्हा जिथल्या तिथे येतं. पण इतक्या मोठ्या जोडीची शेवटची लाट तशी नसते. ती अवकाशाला ताणते आणि जाताना थोडा ताण तसाच ठेवून जाते. कायमचा. ते एका दिवसात दिसत नाही. तारे आजपासून कणभर वेगळ्या चालीने चालणार. रोजचा फरक नगण्य, पण तो साठत जाईल. पाच तारे एका बाजूला वळतील आणि चार दुसऱ्या. सगळ्यांचं वळण त्याच एका दिवसापासून सुरू झालेलं दिसेल. पण त्यासाठी महिनोन् महिने ऐकत राहावं लागेल.’’

मनीषाताईंनी पदर खोचला. ‘‘म्हणजे आता खरं काम. ते आधी सांगायचं ना! जिलब्यांवर तेल कशाला घालवलं?’’ आणि त्या दांड्याला जाऊन उभ्या राहिल्या.

ऊन तापलं, वळवाचे ढग आले आणि गेले. दांडा फिरत राहिला. गावात लग्नं झाली, वराती परातींपाशी थांबून चार फेरे दांड्याचे घालून पुढे गेल्या. कुणाला काही दिसत नव्हतं. मग एक दिवस हर्षालीने भिंतीवर लांबच लांब कागद लावला. त्यावर नऊ रेघा होत्या. एका जागेपर्यंत त्या हेलकावत, घाईघाईने हेलकावत येत होत्या. तिथे सगळ्यांचा हेलकावा संपला, आणि तिथून पाच रेघा वर चढत होत्या, चार खाली उतरत होत्या. जिथून फुटल्या होत्या तो दिवस जत्रेचा. दशरथने कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘‘समेवर आले की हो!’’

तिने रेघा जगभरच्या वेधशाळांना तारेवरून धाडल्या. सगळीकडून एकच उत्तर आलं: आमच्याही ताऱ्यांनी मान वळवलीय, तुमच्यावाचून दिवस सापडत नव्हता.

आणि मंडळ? मंडळाचे नऊ आज्ञाधारक तारे एकाच कोपऱ्यातले. ताणाने ते सगळे एकाच बाजूला वळले, आणि एकमताने वळले म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आलेख सरळ, पेढे चालू. फक्त देशाची वेळ रोज कणाकणाने पुढे पळत होती. सिंगापूरच्या बाजारातलं यंत्र दशलक्षाव्या भागाचाही फरक खपवून घेत नाही. एका सकाळी त्याने आपल्याकडचे सगळे सौदे परत पाठवले, शेरा मारून: ‘हा सौदा निघण्याच्या आधी पोचला आहे.’ दिल्लीत त्या दिवशी पेढे वाटले नाहीत.

चौथ्या दिवशी बाळू आला. गाडी फाटकाबाहेर ठेवली, कारण तिच्यातली यंत्रं बडबडतात. पठार चढून पायी आला. घामाघूम. हर्षाली दांड्यावर होती, कारण भोरांकडे बारसं होतं आणि त्या परातीच्या पाळीचं कुणी आलं नव्हतं. ती थांबली नाही. बाळूने कागद सहीसाठी तिच्यापुढे धरला, आणि तिने फिरवता फिरवताच वाचला.

‘‘तारे परत कामावर,’’ बाळू घाईघाईने म्हणाला. ‘‘तू परत कामावर, बढतीसकट. या परातींना नव्या मोटारी. सगळं कबूल आहे त्यांना, ताई. तू जिंकलीस.’’

‘‘आणि हे शेवटचं वाक्य?’’

‘‘ते तांत्रिक आहे.’’

‘‘मोठ्याने वाच.’’

बाळूने खाली बघत वाचलं, ‘‘‘सदर विचलन हे यंत्रणेतील तांत्रिक कारणामुळे उद्भवले होते, तरी नोंदींमध्ये योग्य ती दुरुस्ती करून सर्व ताऱ्यांची चाल पूर्ववत करण्यात येत आहे.’’’

‘‘पूर्ववत!’’ हर्षाली म्हणाली. ‘‘अरे, तीन अब्ज वर्षं चालून एक धक्का आला, त्याने अख्खं आकाश कणभर वाकवलं, आणि तुम्ही ते कागदावर सरळ करून ठेवणार? पुढे कुणी ऐकायला बसला तर त्याला आपल्या नोंदीत काय सापडेल? काहीच घडलं नाही म्हणून?’’

‘‘एक वाक्य आहे ताई.’’

‘‘खोटं आहे.’’

‘‘सही झाली नाही तर खुलासा माझ्याकडे मागतील. नोटिसांवर सही माझी होती. मलाच काढतील.’’

‘‘मग दे.’’

‘‘काय देऊ?’’

‘‘खुलासा. खरा दे. एकदा देऊन बघ, हलकं वाटतं.’’

तिचे तळहात त्याला त्या वेळी दिसले असावेत. दांड्याने घट्टे पडले होते, त्यातला एक फुटला होता. ‘‘किती वेळ फिरवतेयस?’’ त्याने विचारलं.

‘‘तारा उगवल्यापासून. धर जरा, मला कानाच्या डब्याचं तापमान बघायचंय.’’

ती बाजूला झालीच. दांडा तर सोडता येत नव्हता. बाळूने कागद तोंडात धरला आणि दोन्ही हातांनी दांडा पकडला. पहिलाच फेरा घाईत घातला.

‘‘साहेब, पळू नका,’’ दशरथ म्हणाला. ‘‘तारा काही दिल्लीला चालला नाही. थापेबरोबर अर्धा फेरा.’’

बायका खुदखुदल्या. मनीषाताई म्हणाल्या, ‘‘बाळू, लहानपणी विहिरीचा रहाटही असाच ओढायचास. निम्मी बादली बाहेर.’’ बाळूचे कान लाल झाले. पण पाचसहा फेऱ्यांत हात बसला. हर्षाली परत आली तरी त्याने दांडा दिला नाही, आणि तिने मागितला नाही.

तेवढ्यात परातीजवळच्या छपरातला फोन वाजला. मी उचलला. दिल्लीहून खुद्द अध्यक्ष. मी फोनचा रिसीव्हर लांब तारेसकट ओढून बाळूच्या कानाशी धरला. तोंडातला कागद काढून घेतला, म्हटलं बोलणं तरी नीट होऊ दे.

‘‘हो सर,’’ बाळू म्हणाला. ‘‘पोचलोय... नाही सर, सही झाली नाही. ती देणार नाही.’’

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. बाळू ऐकत होता, आणि हात थापेवर चालू होते.

‘‘समजलं, सर. नवीन मसुदा मी पाठवतो. त्यात असं असेल की तारे बरोबर होते, मंडळ चुकलं, आणि नोटिसांवर सही माझी होती... हो, माझ्या नावाने... ते तुम्ही ठरवा, सर. नाही, आत्ता येता येणार नाही.’’ त्याने मान वर करून परातीच्या कडेकडे पाहिलं. ‘‘का म्हणजे? तारा मावळायला अजून अवकाश आहे.’’

त्याने मला डोळ्याने खूण केली. मी फोन ठेवला. दशरथची थाप पडली आणि बाळूने अर्धा फेरा घातला, नेमका.